पाठ केलेली तीन उत्तरं

प्रिय बाबा,

शाळेत मराठी नव्हतंच, हिंदीच्या जोरावर लिहितोय, तेव्हा चुका पोटात घाला. पण काल तुमच्या रेल्वेच्या गँगमधले रामस्वरूपकाका घरी येऊन गेले आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. तुमच्यावर नाही तर कुणावर ओरडू? आई तर अजून तुमचीच बाजू घेते.

मी आमेरहून आलो होतो. तिथे सध्या एका गेस्टहाऊसमध्ये काम करतो, मतलब या आठवड्यात तरी करतोय. गच्चीवर मोर येतात, एक तर पाहुण्यांचा टोस्टच पळवतो... असो. शास्त्री नगरच्या घरात शिरलो तर काका चहा पीत बसलेले. आईनं दोनदा विचारलं, "भैया, शक्कर और डालूँ?" ते नुसते हसत राहिले. मग मी ओरडून विचारलं, तर म्हणाले, "हाँ हाँ, घर पे सब ठीक है."

अगदी तुमच्यासारखं!

मग जवळ सरकून म्हणाले, "बेटा, सोमवार को मेरा मेडिकल है. तेरे पापा को सब याद था. पहले नाम पूछते हैं कि गाँव?"

तो क्रम मलाही पाठ आहे. कानाच्या तपासणीत डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात विचारायचे: नाव काय, गाव कोणतं, जेवलास का. दर वेळी हेच, याच क्रमानं. गँगमधला जो तपासून येई, तो बाकीच्यांना सांगे. तुम्ही अंघोळ करताना घोकायचात: "सुरेश. भुसावळ. खा लिया साहब." मध्ये एकेक श्वास सोडायचा, म्हणजे ऐकून बोलल्यासारखं वाटतं! फिट ठरलात की सगळ्या गँगला कांद्याच्या कचोऱ्या. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात, बाबा. काय दिवस आले!

अनफिट ठरला असतात तर काय झालं असतं? रुळावरून उठवून ऑफिसात बसवलं असतं. "मी काय साहेबाला पाणी देत बसू?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. द्यायचं की पाणी! पाणी देणं काय वाईट आहे?

गाडी दिसली की पहाऱ्यावरचा माणूस शिट्टी मारतो आणि सगळे रुळातून बाहेर होतात. तुम्हाला शिट्टी ऐकू येत नव्हती, हे गँगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणून रामस्वरूपकाका नेहमी तुमच्या शेजारी काम करायचे. शिट्टी झाली की तुमच्या खांद्याला हात लावायचे. ही तुमची व्यवस्था! काका भाचीच्या लग्नाला अलवरला गेले आणि नेमकी तेव्हाच ती गाडी आली. एका लग्नानं तुम्ही गेलात, बाबा.

आता त्यांचेच कान गेलेत. मी ओरडूनच विचारलं, "काका, आपके कंधे पे हाथ कौन रखेगा?"

"कोई न कोई रख देगा, बेटा."

कोई न कोई! आईनं पदर तोंडाला लावला. या वेळी तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही.

मी क्रम सांगितला नाही. म्हटलं, "सोमवारी मी सोबत येतो आणि डॉक्टरांना सांगतो, प्रश्न बदलून विचारा." हे मात्र काकांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं! चपला घालता घालता म्हणाले, "तेरा बाप होता तो थप्पड़ मारता."

मारलीच असती तुम्ही. मला काय माहीत नाही?

कुठलीच गोष्ट मी शेवटापर्यंत नेत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. पण ही नेतो, शब्द देतो. सोमवारी गेस्टहाऊसला दांडी मारून काकांच्या आधी दवाखान्याच्या दारात उभा राहीन. त्यानंतर गँगमध्ये मला कुणी चहा विचारणार नाही. काका तर दिसेन तिथे शिव्या देतील.

देऊ देत, बाबा. अगदी म्हातारे होईपर्यंत देऊ देत.

तुमच्यावर अजून चिडलेला,
विकी