पंख्यावरची बदली

१८ एप्रिल

आले एकदाची नाकाडोंगरीला! तुमसरपासून बसमध्ये उभी होते, पिशवीत कपडे कमी आणि कॉम्प्युटरचे पंखे जास्त. कंडक्टरनं विचारलं, बाई, यात काय मिठाई आहे का? मी म्हटलं, हवा आहे. त्यानं तिकीट फाडून हातात ठेवलं.

नोकरी झकास आहे. मालक भोजराजभाऊ मूळचे तांदळाचे व्यापारी, आता ड्रोन उडवून जमिनींचे नकाशे करून देतात. ड्रोननं काढलेले हजारो फोटो जोडून एक नकाशा करायचा, हे काम कॉम्प्युटरचं. आणि कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं, रेणूचं. भंडाऱ्याच्या दुकानात पाच वर्षं दुसऱ्यांची मशीनं उघडली, आता एक मशीन फक्त माझ्या हाताखाली.

ऑफिस गावाबाहेर, चिखला गावाच्या रस्त्याला, चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका खाणीच्या आवारात आहे. दोन जाड भिंतींच्या खोल्या, पुढे ऑफिस, मागे मी. फाटकाबाहेर मोहाचं झाड. मला तर फार आवडलं.

२० एप्रिल

मशीन उघडलं आणि कपाळावर हात मारला. प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या पुढे ताणून ठेवलाय, भोजराजभाऊंना नकाशे लवकर हवेत म्हणून. ताणायला हरकत नाही, पण मग त्याची उष्णता बाहेर कोण नेणार? आधीच्या शहाण्यानं सहाच्या सहा पंखे आत हवा फेकणारे लावलेत. म्हणजे सगळेच जेवायला बसले आणि वाढायला कोणी नाही.

पुढचे तीन हवा आत घेणारे ठेवले, मागचा एक आणि वरचे दोन बाहेर टाकणारे केले. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट चुन्यासारखी वाळली होती, ती खरवडून नवी लावली. तापमान अठ्ठ्याण्णववरून एकोणनव्वद अंशांवर आलं. पण खोलीच त्रेचाळीस अंशांवर तापलेली, तिथे पंखा तरी काय करणार.

आवाराची राखण बुधरामबाबा करतात. सत्तरी पार केलेला माणूस, मोहाखाली बसून सगळं पाहत असतो. ते म्हणाले, ही खोली म्हणजे खाणीचं पंखाघर होती. इथून खाली हवा सोडायचे, आणि तरणेपणी तो पंखा चालवायला ते स्वतःच होते. मी म्हटलं, मग आपण एकाच धंद्यातले.

२३ एप्रिल

सुंठीवाचून खोकला गेला! ऑफिसच्या मागच्या भिंतीत खाली सिमेंटनं लिंपलेलं एक गोल भोक आहे. लिंपण तडकलेलं, आणि फटीतून गार हवा. हाताला चक्क फ्रिज उघडल्यासारखी. दुपारभर छिन्नीनं ते मोकळं केलं आणि तिथून जाड पाइप थेट मशीनच्या पुढच्या पंख्यांपर्यंत आणला. पूर्ण भार टाकला तरी अठ्ठावन्न!

बुधरामबाबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले की पोरी, थे भोक काहून उघडलं तू, थे खाली खाणीत उतराच्या विहिरीत जाते. मी म्हटलं, बाबा, विहीर कोरडी आहे, फुकटची हवा आहे. ते उठून गेले. म्हाताऱ्या माणसांना नव्या गोष्टी झेपत नाहीत.

२ मे

आई आली. आमच्या गावी, आसगावला, उन्हाळी धानाची मळणी सुरू आहे, भुशानं तिचा दमा उसळतो. दरवर्षी मे महिना ती उशाशी पंप घेऊन बसून काढते. या वर्षी म्हटलं, माझ्याकडे ये.

मशीनच्या मागून गार झुळूक येते म्हणून तिथेच चटई टाकून दिली. दुपारी अशी गाढ झोपली की मला उठून दोनदा बघावं लागलं. उठल्यावर म्हणाली की बाई, तुह्या या पेटीनं मले नवी छाती देल्ली. पंप पिशवीतच राहिला. मला रडूच आलं. माझे वडील गेल्यापासून तिला असा मोकळा श्वास घेताना मी पाहिलं नव्हतं.

९ मे

एक गोष्ट पटत नाहीये. खोली चव्वेचाळीस अंश. मशीन पूर्ण भारावर. प्रोसेसर सव्वीस.

खालच्या गार हवेमुळे असेल म्हणून पाइप काढला, भोकात पोतं कोंबलं, वरून फळी ठोकली. एक तास थांबले. तरी सव्वीस. वाऱ्यावर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही, हे आमच्या दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. सेन्सर बिघडला म्हणून कूलरच्या पट्ट्यांना बोट लावलं. गार. आणि ओलसर.

आणखी एक. पंख्यांचा वेग मी एका आकड्यावर बांधून ठेवलाय, मिनिटाला नऊशे फेरे. पण आकडा चढतो, उतरतो. सातशे, अकराशे, सातशे. दर चार सेकंदांनी. आवाजही तसाच, घरघर चढते आणि उतरते.

आई झोपली होती. तिची छाती त्याच तालावर वरखाली होत होती.

१३ मे

सकाळी धूळ झाडायला मशीन बंद केलं. आई चहा गाळत होती. पंखे थांबले आणि तिच्या हातातलं गाळणं पडलं. खोकला नाही, धाप नाही, श्वासच नाही. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, ओठ निळे. पंप मारला, दोनदा, चारदा. आत जाईना. मला काय सुचलं देव जाणे, मी धावत जाऊन बटण दाबलं.

पंखे फिरले आणि तिनं श्वास घेतला.

ती म्हणते की चक्कर आल्ती, चुलीच्या धुरानं झालं. मी हो म्हटलं. तिला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. असं ऐकून दम्याचं माणूस भीतीनंच जाईल.

१४ मे

करू नये ते केलं. ती झोपलेली असताना पंख्यांचा वेग कमी केला. सहाशे. तिचा श्वास लांबला. चारशे. आणखी लांबला. तीनशेला तिच्या घशातून असा आवाज आला की मी लगेच पुन्हा वाढवला.

मी माझ्या आईला एका बटणावर ठेवलंय. मीच.

१५ मे

तुमसरच्या दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला. मशीन चालूच ठेवलं. फाटकापर्यंत ठीक. मोहाच्या झाडापुढे गेलो आणि तिची मान कलंडली. ऑटो परत फिरवला. ऑटोवाला म्हणाला, म्हातारीले ऊन लागलं.

बुधरामबाबांच्या पाया पडले. मग बोलले ते. पंख्यावरच्या माणसाचा एक नेम होता. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. येणारा माणूस आधी पंख्याला हात लावणार, विहिरीकडे तोंड करून मोठ्यानं सांगणार, ‘बदली आली’, मगच बसलेल्यानं उठायचं. खाणीच्या शेवटच्या दिवशी बदली आलीच नाही. पंख्यावरचा खेमराज वाट पाहून उठून गेला. खाली अकरा जण होते. ते वर आलेच नाहीत.

बाबा म्हणाले की खालच्याहीले अजून हवा पाहिजे न पोरी, तू भोक उघडलं आन तुही माय पंख्यासमोर झोपली, त्याहीनं तिलेच पंख्यावर बसवलं, तिच्याच छातीनं थे श्वास घेऊन राहिले. मी विचारलं, ती उठणार कशी? त्यांनी ऑफिसच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, बदली आली तर. पण तू नोको म्हणू. उठणारा उठते, बसणाऱ्याले बसाच लागते.

१६ मे

भोजराजभाऊंना फोन केला, जनरेटर पाठवा म्हणून. म्हणाले सोमवारी. नकाशा कुठवर आला ते विचारलं.

भोक सिमेंटनं बुजवलं. काही फरक नाही. सातशे, अकराशे, सातशे.

१७ मे

दुपारी ३.१०. आभाळ भरून आलंय. वादळ सुटलं. लाइट गेली. यूपीएसवर मशीन चालू आहे. स्क्रीन काढली, सगळे दिवे काढले. पंख्यांपुरतं वीसेक मिनिटं पुरेल.

३.२२. वीज ऑफिसचा फोन लागत नाही. ऑटोवाल्याला लावला, तो म्हणतो रस्त्यावर झाड पडलंय. आई झोपलीये. झोपू दे.

३.३१. यूपीएस टी-टी करतोय —

३.३४. बंद पडला. मागच्या पंख्यात बोट घालून फिरवतेय. उजव्या हातानं. डाव्यानं लिहितेय, नाहीतर मोजणी चुकते. एक फेरा, एक श्वास. एक फेरा, एक श्वास. आईचे ओठ अजून बरे आहेत.

३.५०. बोट सोलवटलंय. दुसरं घातलं. मधे जरा थांबले — तिची छाती थांबली. नाही. थांबायचं नाही.

४ वाजून गेले. हात सुन्न. माझ्यानं होत नाही. आई, माझ्यानं होत नाही गं. अजून किती तास —

म्हटलं मी. भोकाकडे तोंड करून. मोठ्यानं. बदली आली.

४.१५. आईनं कूस बदलली. पंखा थांबलाय आणि ती श्वास घेतेय. स्वतःचा. खोकली! किती छान खोकली! देवा —

मी हसायला गेले. आवाज आला नाही.

छातीत काही जात नाही. पंख्याला बोट लावलं, फिरवलं — आली. हवा आली. गार. ओली.

४.४०. लाइट आली. बटण दाबलं, मशीन सुरू झालं. पंखे आपोआप फिरताहेत. बरं आहे. बरं आहे असंच राहिलं तर. पण अर्धीच हवा मिळते. बाकीची खाली जाते. पाय उचलत नाहीत. भिंतीला टेकून बसलेय. बोलायला जाते, तोंडातून काही निघत नाही. पेन तेवढं धरता येतं.

आई उठली. पदर घट्ट ओढला. म्हणते की थंडी वाजून राहिली बाई, किती येळची चालू आहे तुही पेटी, आता तिलेही जरा आराम दे.

मी मान हलवतेय. ती माझ्याकडे बघतच नाही. चप्पल शोधतेय.

बटणाकडे चालली.

वही वर धरली. मोठ्या अक्षरात लिहितेय, तिला अक्षर जुळवत वाचता येतं —

आई बटन नोको दाबू

आई इकडं पाह्य

आई मले श्वा