बुडीत पट्ट्याची साफसफाई

४ मे. सकाळी ६.१०
आमच्या भाजे गावाच्या वर विजेचं धरण होतंय. १५ जूनला पाणी अडवणार. मोबाईलवर बावीस लेख वाचले. झाडं पाण्याखाली कुजली की मिथेन सुटतो, हवामानाची पार वाट लागते. उपाय सोपा: प्लॅनिंग. आधी झाडं काढा, मग पाणी भरा. इंजिनियर लोकांना हे कोण सांगणार? मी. संकल्प: बुडणारा पट्टा मीच साफ करणार.

७ मे
ओढ्याकाठी दगडांवर लाल खुणा सापडल्या. म्हणजे पाणी इथवर येणार. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली. खुणा बावीस फूट वरखाली! सर्व्हेवाल्यांची ही कुवत. सरासरी काढून चुन्याने दुरुस्त रेषा मारली. रेषेखाली चुलत भाऊ दत्तोबाची एकोणीस झाडं. त्याला शांतपणे समजावलं.

७ मे. दुपारी
दत्तोबाने काठी घातली. बाभळीची, जाडी दीड इंच. डोक्याला चार टाके. म्हणाला, निवरत्या, माज्या फणसाला हात लावशील तर हितंच उभा चिरीन. असो. चर्चेला तोंड फुटलं.

१९ मे
दत्तोबा लग्नाला तळेगावला. भाड्याची पॉवर सॉ. साडेतीन तासांत एकोणीस झाडं, फणस शेवटी. फांद्या ओढ्यात ढकलल्या. उचलायचं काम प्रकल्पाचं.

२० मे
दत्तोबा कोयता घेऊन आला. मी फावडं. माझी करंगळी दोन ठिकाणी मोडली, त्याचा दात पडला. मी कानाला चावलो (डाव्या). बायकोने, शालनने, मधे पडून दोघांनाही पाइपने बडवलं. नंतर आंबीला माहेरी निघाली. म्हणाली, तुमी आता मिथेनसंगंच संसार करा. रागाच्या भरात लोक बोलतात.

२ जून
प्रकल्पाचे इंजिनियर अतुलसाहेब यांना चौदा पानी अहवाल दिला. पहिलंच पान वाचून म्हणाले, काका, जागा ठरवतानाच हा विचार झालाय. म्हणून तर धरण वरच्या उघड्या कातळात घेतलं, तिथं झाडंच नाहीत. तुमचा ओढा बुडणार नाही. लाल खुणा? त्या पुण्याच्या लोकांच्या रविवारच्या डोंगर-शर्यतीच्या.
फाइल त्यांच्या टेबलावर आपटली. काच फुटली. वॉचमनने गचांडी धरून बाहेर फेकलं. गुडघा सोलला. साहेब नक्कीच हादरलेत.

९ ऑगस्ट
फांद्या ओढ्याच्या मोरीत अडकल्या. महिनाभर पाणी तुंबलंय, माझ्याच भातखाचरात. कमरेइतकं. अचूक: तीन फूट एक इंच.
दत्तोबा आला. मी फावडं उगारलं. तो रिकाम्या हाताने आला होता. पाण्याकडे बघून म्हणाला, निवरत्या, लय ब्येस धरण बांधलंस. मग फणसाच्या बुंध्यावर बसला आणि रडायला लागला. आज्ज्यानं लावलेला, म्हणाला.
फावडं कुठे ठेवावं कळेना.
पाण्यातून बुडबुडे येत होते. मिथेनला वास नसतो, मी वाचलंय. तरी येत होता.