मागच्या बाजूचं शेवटचं गाणं

माय, काल तुझं ते आवडतं गाणं सापडलं. तुझ्या नातीने फोनवर शोधून काढलं. त्या गायिकेची बाकी गाणी अजून लग्नात, ऑटोत, सगळीकडे वाजतात. हे मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. कॅसेटच्या मागच्या बाजूचं शेवटचं, सासरी निघालेल्या मुलीला आईने म्हटलेलं. जठारपेठेतल्या आपल्या फुलांच्या दुकानात ते लागलं की तुझा हार ओवणारा हात थांबायचा. बाबा चिडायचे, "गिऱ्हाईक उभं हाये अन् तू काय आयकून राहिली?" तू म्हणायचीस, "बाकीचे गाने थे लोकाईसाठी म्हनते. हे तिनं सोतासाठी म्हनलं." मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. काल नीट ऐकलं. एवढ्या तयारीची बाई, पण एक तान घेत नाही. शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा बेताने गाते, आणि शेवटी पेटीही थांबते, नुसता आवाज उरतो.

माझं लग्न आठवलं. अकोल्याचं ते कार्यालय, उठत्या पंगती, ऑर्केस्ट्रा. तू स्टेजपाशी जाऊन हे गाणं मागतेस. गाणारा हसतो, "काकू, त्या बाईचं असं गानंच नाई." "हाये. तुमाले येत नाई म्हना," तू म्हणतेस, "द्या इकडं माईक." स्वयंपाकघराबाहेर कधी न गायलेली तू, पदर सावरून गायला लागतेस. माझ्या सासरची दोन-चार माणसं हसतात. बाबा मान खाली घालतात. भातकुलीच्या माझ्या सासूबाई सकाळपासून मानपानावरून तोंड फुगवून बसल्या होत्या. एक कडवं म्हणून तू थांबलीस, तशा त्या जागेवरूनच म्हणाल्या, "थांबल्या काहून, ईनबाई? पुरं म्हना." तू पुरं म्हटलंस. मग त्या उठून आल्या आणि तुझा हात धरून बसल्या. पुढे त्यांनी मला माहेरी यायला कधी अडवलं नाही.

पण माय, त्या गाण्याचे शब्द वेगळे आहेत गं. गाण्यातली आई सांगते, आता मागे वळून पाहू नकोस. तू म्हटलं होतंस, पाहून घे पोरी, मी इथंच उभी आहे. नातीने विचारलं, "आजीचं चुकलं होतं का गं?" मी म्हटलं, "आजीले त्या कॅसेटमधलं एक अक्षर चुकत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी अमरावती सोडून पुण्याला चाललीय. हे लिहिलेलं मी तुला कुठे पाठवणार? उशीच्या अभ्र्यात राहील. एकच सांगायचं होतं, आणखी कोणाला माहीत नाही. रोज दुपारी ती बाहेर पडली की मी दार लावून ते गाणं बसवते आहे, तुझ्या शब्दांत. शेवटच्या कडव्यापर्यंत मात्र अजून एकदाही पोचले नाही.