डॉक्टरला मी सांगितलेला शब्द

बाबा, तुमचा कुठला कान होता, उजवा की डावा? मला ठाऊक नाही, आणि आता कळायला काही मार्गही नाही. तुमचा त्रास कानाचाच होता का, हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरातली पहिली पदवीधर, कान आणि तोल तपासणं हेच माझं काम, आणि तुमच्या बाबतीत मी कोरी.

मी तेरा वर्षांची होते. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या प्लांटमध्ये वर टांगलेल्या गाड्यांखाली उभं राहून तुम्ही बोल्ट आवळायचात. वर बघितलं की तुमचा झोक जायचा. "अंकल, सुबह सुबह लगा के आए हो?" असं लाइनवरचा एक पंजाबी म्हणाला, हे तुम्ही जेवताना हसत हसत सांगितलंत. आई हसली नाही. तिनेच आपल्याला डॉक्टरकडे धाडलं. तिथे तुम्ही मला म्हणालात, "सांग त्यांना, वर बघितलं की चक्कर येते, मग थांबते." मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. मी सांगितलं, ही फील्स वीक. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "वीक म्हणालीस ना? एवढं इंग्रजी येतं मला. मी वीक नाही."

"देन टेल हिम युअरसेल्फ!"

तुम्ही गाडी सुरू केलीत. घरापर्यंत गाडीचा ब्लिंकर विनाकारण चालू होता. गोळ्या संपल्या, चक्कर राहिली. महिन्याभरात तुम्ही स्वतःच लाइन सोडून पार्ट्सच्या खोलीत खोक्यांना लेबलं लावायचं काम मागून घेतलंत. पुढे हृदयविकाराने तुम्हाला नेलं. त्या चकरेबद्दल आपण पुन्हा कधी बोललोच नाही.

आता मी एडमंटनला असते. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून यंदा आमच्या वेटिंग रूमभर झेंडे लावलेत. मागच्या महिन्यात एक पंजाबी आजी आल्या, सोबत बारा वर्षांची नात. नात म्हणाली, "शी इज जस्ट वीक. शी डझन्ट ईट."

आजी कडाडल्या, "वीक किसको बोली?"

मला हसू आलं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "माँजी, कब होता है?"

"ऊपर से डिब्बा उतारूँ, तब."

मी त्यांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन मागे निजवलं. क्षणभरात बुबुळं थरथरू लागली. कानातले बारीक खडे जागचे हलले की डोळे असे चुगली करतात. तिथे दुभाषी लागत नाही. आजींनी माझी बाही मुठीत धरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्यांचं डोकं हळूहळू दुसरीकडे वळवलं, त्यांना कुशीवर घेतलं, मग बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा निजवून बघितलं. डोळे शांत. आजी छताकडे बघत राहिल्या. "छत खड़ी है," म्हणाल्या.

नात रडायला लागली. "आय सेड इट राँग."

मी तिला सांगितलं, तू बारा वर्षांची आहेस, नीट विचारून घेणं हे आमचं काम. बोलून गेले, आणि ते मीच पहिल्यांदा ऐकलं. बाबा, त्या डॉक्टरांनीही एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तरी गाडीत तुम्हाला उलटून बोलले ते माझंच, ते कुणाच्या माथी मारता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. पण एक काम केलंय. पेशंटने नुसतं बोट ठेवून सांगावं असा कागद बनवलाय: खोली गरगरते, झोक जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोपताना, कूस बदलताना, वर बघताना. पंजाबी, अरबी आणि फिलिपिनो लोकांच्या टागालोग भाषेतला मजकूर सहकाऱ्यांनी दिला. मराठी कुणी मागितलं नव्हतं. वर्षाकाठी आमच्याकडे एखादा मराठी पेशंट येतो. तरी मराठी मजकूर मी लिहिला, आईला फोनवर वाचून दाखवला, आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.