तांड्याचं परराष्ट्र धोरण

बा, काल माझ्यावर झालेल्या अन्यायाची इतिहास दखल घेणार नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. यवतमाळला शेजारी राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्यावर परिसंवाद होता आणि मंचावर मला दिलेल्या खुर्चीचा एक पाय दोन बोटं आखूड होता. उजवीकडे कललो की एका वक्त्याच्या खांद्यावर, डावीकडे कललो की दुसऱ्याच्या चहात. आयोजकांना दोनदा खूण केली. दोन्ही वेळा त्यांनी हसून नमस्कार केला. सहकार्यावर पाच जण बोलले, पण पायाखाली कागदाची घडी सरकवायला एक उठला नाही. त्यातल्या एका विद्वानाने सांगितलं की मध्यम ताकदीच्या राष्ट्राची अडचण वेगळीच असते. मोठे त्याला आपापल्या बाजूला ओढतात, लहान त्याच्याकडे संशयाने बघतात, आणि अशा राष्ट्राला स्वतःचं धोरण असतं हेच कोणाला खरं वाटत नाही. टाळ्या पडल्या. मला तू आठवलास. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण एवढं बोलायला तुला काही माइक लागला नसता.

छप्पन साली दोन गोष्टी झाल्या. आपला जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला, जागचं कोणी हललं नाही. आणि खालच्या गावच्या ग्रामपंचायतीत सरकारी रेडिओ आला. तू तांड्याचा नायक, आपल्या लमाण वस्तीचा प्रमुख. तुला वाचता येत नव्हतं, पण बातम्या ऐकायला तू रोज संध्याकाळी दीड कोस चालत जायचास आणि परत येऊन याडीला, माझ्या आईला, ती भाकरी थापत असताना सांगायचास. ती हूं हूं करायची. त्या दिवसांत सुवेझच्या कालव्यावरून जग पेटलं होतं. खालचे लोक म्हणत, आपल्याला काय करायचं त्याचं? तू म्हणालास, "कालवा ज्याच्या रानातून जाते, जकात त्याची. वाट साऱ्याईची. यात समजाले अवघड काय आहे?" मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात होतो, राज्यशास्त्राचं पुस्तक काखेत मारून फिरत होतो, आणि कालवा नकाशात कुठे आहे हे मला ठाऊक होतं. तुला ते ठाऊक नव्हतं. बाकी सगळं ठाऊक होतं, कारण आपले लमाण पूर्वज बैलांवर गोण्या लादून एकमेकींशी लढणाऱ्या दोन फौजांना दाणा पोचवायचे, आणि दोन्ही फौजा त्यांना वाट द्यायच्या. दिल्लीचं अलिप्ततेचं धोरण रेडिओवर पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू दचकला नाहीस. आपल्याच घरातलं भांडं दुसऱ्याच्या घरी दिसावं, तसा बघत राहिलास.

आपल्या एका अंगाला वरचं गाव, दुसऱ्या अंगाला खालचं गाव, आणि दोघांच्या पाटलांचं कशावरून फाटलं हे दोघांनाही आठवत नव्हतं. मध्ये आपला तांडा. टेकडीच्या पोटाशी कोलाम आदिवासींचा पोड, दहा-बारा झोपड्या, ज्यांचं मत कोणी विचारत नसे. वरच्या गावी चहा घेतलास की त्याच दिवशी तू खालच्या गावी घ्यायचास. खालचा पाटील बाजाराला गेलेला असला, तर वरच्याकडचाही कप पोटात जळजळ होते म्हणून परतवायचास. सकाळी भाकरीबरोबर चार कच्च्या मिरच्या खाणारा माणूस तू! मी याला तुझं भित्रेपण समजत होतो. पुस्तकातून शिकलो होतो की माणसाने बाजू घ्यावी.

मग नाल्याची गोष्ट. महागावच्या बाजाराला जाणारी वाट या नाल्यातून जायची, आणि पावसाळाभर नाला कोणालाच सोडायचा नाही. एका आषाढात पोडावरची बाळंतीण दोन दिवस या काठावर अडकली. बाई वाचली, लेकरू नाही. त्या दिवाळीनंतर तू रपट्याचं मनावर घेतलंस. दगडांचा साधा रपटा, गाडी उतरून पलीकडे चढेल एवढा. एकट्या तांड्याच्या आवाक्यातला नव्हता, आणि दोन्ही गावं एकमेकांबरोबर घमेलं उचलायला तयार नव्हती. तू आधी पोडावर गेलास. ज्याचं सगळ्यात जास्त अडतं त्याला पहिल्यांदा विचारायचं, असा तुझा क्रम. पोडावरचा म्हातारा म्हणाला, आम्ही रोज येऊ. मग तू दोन्ही पाटलांना वेगवेगळा भेटलास आणि जो तह केलास, तो मी आजवर कुठल्या ग्रंथात वाचला नाही. वरच्या गावाने वरच्या काठाकडून सकाळी बांधायचं, खालच्याने खालच्या काठाकडून दुपारनंतर. दोघांनी एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, एकमेकांच्या अवजारांना हात लावायचा नाही. टेकडीचे दगड तांड्याच्या गाड्या आणणार, म्हणजे दगड ना याचे ना त्याचे. आणि मधला सहा हातांचा तुकडा आपण आणि कोलामांनी भरायचा. तू कोणाचाच नाहीस, या एका विश्वासावर दोन गावं काम करत होती. संध्याकाळी एक गाव दुसऱ्याचं बांधकाम काठीने मोजून जायचं आणि दुसऱ्या दिवशी हातभर जास्त बांधायचं. तुला हे माहीत होतं. मोजायची काठी तूच तिथे ठेवली होतीस.

होळीला मी घरी आलो. आपली होळी पहाटे पेटते आणि लेंगी गाताना कोणालाही काहीही म्हणायची मुभा असते. ज्याच्यावर गाणं होतं त्याने हसून ऐकायचं, आणि नायकाने तर उत्तर देऊच नये, हा रिवाज. मी तुझ्यावर लेंगी बांधली. आपल्या गोरबोलीत ती जास्त टोचते, मराठीत एवढीच उतरते: नायक दोन बैलांवर उभा, एक पाय वरच्या गावी, एक पाय खालच्या गावी; सांगा गोरहो, मध्ये काय लोंबतं? तांडा लोळला हसून. बायकांनी तोंडावर पदर घेतले, आणि घेऊन आणखी हसल्या. तूही हसलास. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटायचं.

दोन दिवसांत ती लेंगी दोन्ही गावांत पोचली. प्रत्येक पाटलाने तिच्यातला दुसऱ्याच्या गावातला पायच तेवढा ऐकला. नायकाचा स्वतःचा शिकलेला पोरगा म्हणतो म्हणजे खरंच असणार. सकाळची माणसं आली नाहीत, दुपारची आली नाहीत. रपटा दोन काठांवरून येऊन मध्ये थांबलेला, दोन मुकी माणसं समोरासमोर बसावीत तसा. पावसाला अडीच महिने होते. पोडावरचा म्हातारा तेवढा रोज आपली चार माणसं घेऊन यायचा आणि दगडावर बसून राहायचा. मला अजून दिसतं ते त्याचं बसणं. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पलीकडच्या काठावर.

काम थांबल्याच्या तिसऱ्या दिवशी तू पागोटं बांधलंस आणि मला म्हणालास, चल. वरच्या गावी ओसरीवर पाटील बसलेला. चहा विचारला नाही. म्हणाला, "नायका, तुयाच पोरानं तुयं बेंड फोडलं. आता काय तोंड घेऊन आला?"

मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता तू माझी चूक कबूल करशील, पोर आहे म्हणशील, पाया पडायला लावशील. तू बूड टेकून आरामात बसलास.

"पोरानं कायचं केलं, पाटील? लेंगी माही आहे. त्याले म्हणाले लावली, तं अर्धीच म्हटली त्यानं. कॉलेजात अर्धंच शिकवतेत वाटते."

"आन् अर्धी काय आहे?"

तू गाऊन दाखवलीस. डफ नाही, काही नाही, मांडीवर थाप देत: मध्ये गोणी आहे, दोन्ही गावांच्या दाण्याची; पाय काढला तर सांडेल.

पाटील बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग त्याचं पोट आधी हललं आणि तोंड नंतर हसलं. चहा आला. त्याच दुपारी खालच्या गावी तू हेच पुन्हा केलंस, तीच थाप, तोच चेहरा, आणि तिथेही चहा घेतलास. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळची माणसं आली.

परतीच्या वाटेवर मी तुझ्या रागाची वाट बघत होतो. मार पडला असता तर सुटलो असतो. अर्धी वाट सरल्यावर तू एवढंच म्हणालास, "सवाल चांगला केलता तू. जवाब येईलोक थांबत नाहीस, बस." पावसाआधी रपटा झाला. नारळ कोणत्या पाटलाने फोडायचा यावर पुन्हा जग पेटणार होतं. तू तो पोडावरच्या म्हाताऱ्याच्या हातात दिलास आणि दोन्ही पाटलांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

बासष्टच्या लढाईत खालच्या गावात तुला रेडिओसमोर बसवून लोकांनी टोमणे मारले, की आता सांग नायका, शेजाऱ्यांशी तुझी भाईबंदकी कुठे गेली. तू आधी बातम्या संपू दिल्यास. मग म्हणालास, "दोर सैल राहिला, तो आवळाचा. बैल नाही विकाचा." त्या वर्षी तू थकल्यासारखा दिसलास. मी त्या विषयावर माझा पहिला लेख लिहिला, खवचट, दिल्लीच्या दोन बैलांवरच्या कसरतीची टिंगल करणारा. तो गाजला. तेव्हापासून माझं घर त्यावरच चालतं, बा. प्रश्न विचारायचा, हशा घ्यायचा आणि उत्तराआधी उठायचं.

ती लेंगी अजून गातात, दोन्ही ओळींसह. सगळी तुझीच समजतात. नायक असा की ज्याने स्वतःवर गाणं केलं. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो, आधी तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून, मग लाजेने. आणि आता आता तर मला तिचा हेवाही वाटतो, कारण लोक माझ्या ओळीला हसतात आणि तुझ्या ओळीला गप्प होतात. आपल्या तांड्यावरच्या शाळेतली बाई लेंग्या जमा करते आहे. तिचं कार्ड आलं होतं, ही नायकांचीच ना, म्हणून. आज सकाळी मी उत्तराचं कार्ड लिहिलं: पहिली ओळ मुलाची, दुसरी नायकाची. पहिलीमुळे रपट्याचं काम बंद पडलं होतं, तेही लिहावं.

पण कार्डावर दोन बोटं जागा उरली आहे आणि हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून सांगतो. दोन बैलांच्या मध्ये गोणी असते हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या पहाटे होळीपाशी मलाही ते सुचलं होतं. हशा कमी होईल म्हणून मी ती ओळ गिळली.

तेवढं एक वाक्य कार्डावर खाली बारीक अक्षरात बसवलं आहे. पाचची डाक निघायच्या आत पेटीत टाकून येतो.