मंडळाचं भांडं रिकामं कसं ठेवावं

१० जुलै, सोमवार
आजपासून मी वैज्ञानिक. माझी नात पियू, शाळेतलं नाव प्रियदर्शनी, बीडला एम.एस्सी. करती. तिनं माझं नाव पाऊस-पाणी मंडळात घातलं. मंडळात सगळे प्रोफेसर अन् इंजिनिअर. त्यात मी, वच्छलाबाई, चौथी पास. पास म्हणजे, परीक्षेच्या टायमाला थोरल्या बहिणीचं लग्न निघालं, पण झाले असतेच.
अस्मा मॅडम, म्हणजे पियूच्या प्रोफेसर, सोता आल्या. पाऊस मापायचं प्लॅस्टिकचं भांडं अंगणातल्या खांबाला बांधून दिलं. रोज सकाळी साडेआठला बघायचं, आकडा लिहायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा, मग भांडं ओतून द्यायचं. ही वहीबी त्यांचीच. आकड्याला एवढी जागा कशाला, बाकी मी माझं लिहीन.
जाताना म्हणाल्या, आजी, विज्ञान नुसतं कागदावर नको, समाजाच्या प्रश्नांना जोडायला हवं. म्हणलं, जोडते की.
ठराव : एक दिवस चुकवायचा न्हाई.

११ जुलै, ८.३०
भांडं कोरडं ठणठणीत. चिमणीचं पीस तेवढं होतं. फोटो काढला अन् बघितला, जिवाला कसंतरी झालं. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटी परत देताना आपण चिमूटभर साखर तरी घालतो. हे तर मंडळाचं भांडं, एवढ्या शिकलेल्या लोकांपुढं रिकामं कसं दाखवावं?
पेलाभर पाणी घातलं. मग फोटो.
आकडा मात्र चष्मा पुसून खरा वाचला. बारा. त्यात माझ्या मनाची एक रेघ न्हाई.

१४ जुलै
मालक म्हणाले, भांड्यात तूच वततीस अन् तूच मापतीस, ह्येला काय म्हणावं? त्यांना सांगितलं, घालणं ही रीत हाय अन् मापणं हे विज्ञान. दोन्ही येगळं. सातवी शिकलेल्या माणसाला एवढं कळू न्हाई? तंबाखू मळायला घेतली, म्हणजे पटलं असावं.

१९ जुलै
धोंड्याचा महिना लागला. जावई आले, पुरण वाटता वाटता दुपारचे दोन वाजले, मापायचं राहिलं. पाहुणे घरात म्हणून भांड्यात जरा जास्त घातलं. वीस. येळ साडेआठच लिहिली, भांडं काही घड्याळ बघत न्हाई.
गुडघा लई दुखतोय. मंडळात कुणाचा दुखत असंल का? ग्रुपवर गुलाबाचं चित्र टाकून विचारलं. अस्मा मॅडमनी लिहिलं, कृपया फक्त निरीक्षणे टाकावीत. गुडघ्याचंबी नीट निरीक्षण करूनच टाका असं त्यांना म्हणायचं असंल.

२४ जुलै
आज समाजाचा प्रश्न जोडला. शेजारची मनकर्णा रोज दीड कोस चालून मळ्यातल्या हिरीवरून पाणी आणती. आमच्या वस्तीच्या बोअरला गरगर आवाज येतो फक्त. आमच्याकडं पोराच्या मोटरसायकलवर ड्रम येतात, म्हणून मला पेला सुटतो. मनकर्णेला पोरगा न्हाई.
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आजी, छान विषय काढलात. चौदा ऑगस्टला मंडळ टँकरचा अर्ज देणार आहे. ज्या वस्त्यांचे पावसाचे आकडे कमी, त्यांची नावं जातील. तुमचे आकडे रोज येतायत ना?
म्हणलं, एकबी दिवस कोरडा सोडला न्हाई.
मनकर्णेला सांगून टाकलं, बाई, टँकर आलाच समज. ती म्हणाली, काकू, तुमच्या तोंडात साखर पडो. कंबर मोडली माझी.

२ ऑगस्ट
लई ऊन. आभाळ धुतल्यासारखं. भांड्यात अकरा. मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, वच्छलाबाईंच्या वस्तीवर स्थानिक सरी चांगल्या दिसतात. सगळ्यांनी अंगठे दाखवले. एकोणीस अंगठे मोजले. मालकांना दाखवले, ते म्हणाले, सरी कुठं पडल्या गं, मला कशा दिसल्या न्हाईत? म्हातारपणी नजर जाती, काय बोलणार.

९ ऑगस्ट
मनकर्णा रोज इचारती, काकू, कधी येतोय? घागर खाली न ठेवताच इचारती. मी म्हणते, विज्ञानाला येळ लागतो. आता तिची चाहूल लागली की मी आत जाऊन काहीतरी निवडत बसते. आज निवडायला काही नव्हतं, निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले.

१४ ऑगस्ट
अर्ज गेला. अकरा वस्त्या. आमची न्हाई.
तडक फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमच्याकडे तर सगळ्यात जास्त पाऊस आहे. मी म्हणलं, थेंब न्हाई हो! त्या म्हणाल्या, मग भांड्यात पाणी कुठून आलं? म्हणलं, मी घातलं. रिकामं बरं दिसत न्हाई.
मला वाटलं रेंज गेली. तीनदा हॅलो म्हणलं.

१५ ऑगस्ट
पियू आली. कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, आजी, रिकामं भांडं हाच पुरावा होता गं. त्याच्यावरच टँकर मिळणार होता.
मी म्हणलं, मग भांडं देतानाच सांगायचं. न्हाई, माझंच चुकलं. एवढे दोन शब्द लिहायला सकाळ गेली.
ठराव : ग्रुपवर खरं सांगायचं. नाव गेलं तरी.
दुपारी सांगितलं. पियूनं टाइप केलं, शब्द माझे : भांड्यात पाणी मी घातलं, पाऊस अजाबात न्हाई, वस्तीचं नाव घ्या, पाहिजे तर माझं काढा.

१७ ऑगस्ट
उत्तर आलं. माझं नाव काढलं न्हाई, आकडे काढले. सगळे. आता आमच्या वस्तीचा पाऊस कमीबी न्हाई अन् जास्तबी न्हाई, नुसती मोकळी जागा. नाव पुढच्या अर्जात, महिनाभर खरे आकडे आल्यावर.

१८ ऑगस्ट
सकाळी मापलं. शून्य. तसंच लिहिलं, तसाच फोटो टाकला. अंगठा एकबी न्हाई.
मग मनकर्णेच्या दारात गेले अन् सगळं सांगितलं. वाटलं भांडंल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, अजून महिना का? अन् घागर उचलली. मी म्हणलं, थांब, मीबी येते. ती माझ्या गुडघ्याकडं बघत राहिली, मग आतून लहान कळशी आणून दिली. म्हणाली, काकू, हळू चाला, सांडू नका.
दीड कोस जाऊन दीड कोस आलो. चार ठिकाणी बसले, ती चारी वेळा थांबली. घरी येऊस्तोवर कळशी निम्मी झाली होती. किती सांडलं ते मापलं न्हाई.