बंद खिडक्यांतलं पॉलिश

ताईस, धाकट्याचा लांबून वाकून नमस्कार.

ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून मी कारखान्याच्या चारही खिडक्या कागद चिकटवून बंद केल्या होत्या. कपाटं आरशासारखी निघाली. त्यापायी दोघांची डोकी ठणकायला लागली, एकाचे डोळे चुरचुरायला लागले आणि म्हाताऱ्या पॉलिशवाल्याची दोन महिन्यांची झोप गेली.

माझे कान तुला ठाऊकच आहेत. पाठमोरा बसूनही कोण खोकलं ते मी ओळखतो. सुट्टीनंतरच्या सकाळी सगळे ठणठणीत असतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एकेकाचा घसा सुरू होतो, हे मीच हेरलं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं, तर त्यांनी दारातच नाकाला रुमाल लावला. म्हणाल्या, "पॉलिशची वाफ कोंडलीत आणि तीच माणसांना पाजताय."

परवा कागद फाडले, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. आता धूळ बसते, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

तू स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवतेस ना? आईला वारा लागतो म्हणून लावून घेऊ नकोस. दुपारी ती तिथेच आडवी होते का अजून?

मी मजेत आहे. फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहितानाही तीनदा उठून पंखा बघून आलो.

बाईंनी सगळ्यांच्या छात्या तपासल्या. त्या निघताना पॉलिशवाला त्यांना म्हणाला, "मालकांनाही बघा की. सगळ्यांत जास्त तेच खोकतात."

उद्या छातीचा फोटो काढायचाय. आईला एवढ्यात सांगू नकोस.

माझा खोकला मला एकदाही ऐकू आला नव्हता.

तुझा,
धाकटा